मानमोडीची साथ आणि उतरणीला लागलेले साम्राज्य

आकुर्डी म्हटले की आज कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, निगडीकडे जाणारा वाहता रस्ता आणि पुणे-लोणावळा लोकलची गर्दी डोळ्यांसमोर येते. शंभर वर्षांपूर्वी मात्र हे हवेली तालुक्यातील एक शेतकरी गाव होते. खंडोबाचे देऊळ, विठ्ठलमंदिर आणि देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा मुक्काम एवढीच त्याची पंचक्रोशीबाहेरची ओळख होती. गावाजवळून दोन वाटा जात होत्या, मुंबई-पुणे हमरस्ता आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाटातील चढ पूर्ण झाल्यावर मुंबई बंदर व दख्खन सलग रुळांनी जोडले गेले. साम्राज्याने माल आणि सैन्य नेण्यासाठी बांधलेल्या या मार्गाने १९१८ साली इन्फ्लुएंझाही घाटावर आला.

जगाने या साथीला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हटले. मराठी मुलखात तिला ‘मानमोडी’ हे नाव पडले. जगभरातील बळींचा अंदाज सर्वसाधारणपणे ५ कोटी किंवा त्याहून अधिक असा दिला जातो. त्यांतील सर्वांत मोठा वाटा एकट्या हिंदुस्थानचा होता आणि हिंदुस्थानातही मुंबई इलाखा व मध्य प्रांत-वऱ्हाड हे भाग सर्वाधिक होरपळले. तरीही आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत या साथीला फार तर एखादी ओळ मिळते. पुण्याचा प्लेग सर्वांना ठाऊक असतो, पण त्याच्या कितीतरी पट माणसे नेणारी मानमोडी विस्मृतीत गेली.

मुंबईचा ताप

१० जून १९१८ रोजी मुंबईतील पोलीस रुग्णालयात सात शिपाई तापाने आजारी म्हणून दाखल झाले. हा ताप हिवतापाचा नव्हता. त्यांपैकी एक शिपाई गोदीवर नेमणुकीस होता. मेच्या अखेरीस सैनिकांना घेऊन आलेल्या एका जहाजातून रोग उतरला, असा निष्कर्ष मुंबई महापालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांनी काढला. सरकारी बाजूचे म्हणणे नेमके उलट होते. त्यांच्या मते रोग आधी शहरात होता आणि तो शहरातून जहाजावर गेला. वरवर पाहता हा वाद वैद्यकीय वाटतो, परंतु त्याच्या मुळाशी जबाबदारीचा प्रश्न होता. बंदर व सैन्य साम्राज्य सरकारच्या अखत्यारीत होते, तर चाळी, गटारे आणि स्मशाने महापालिकेच्या. रोग कोठून आला हे ठरले की दोष कोणाचा हेही ठरणार होते.

जूनच्या अखेरीस गोदी, गिरण्या, टपाल कचेऱ्या, बँका आणि रेल्वेची कार्यालये ओस पडू लागली. परगावचे लोक त्याला ‘मुंबईचा ताप’ म्हणू लागले. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. आजारी पुष्कळ पडले, पण दगावले थोडे. मुंबईत या लाटेत सुमारे १६०० जण मृत्युमुखी पडले असावेत. जुलै संपता संपता ताप ओसरला आणि शहराने सुटकेचा निःश्वास टाकला.

नवरात्राच्या तोंडावर

सप्टेंबरमध्ये रोग परतला तो पूर्णपणे वेगळे रूप घेऊन. जिल्हावार मृत्युनोंदींच्या अलीकडील अभ्यासांनुसार दुसऱ्या लाटेची चाहूल मुंबई इलाख्यात सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागली. (योगायोग असा की, त्याच आठवड्यात ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज मँचेस्टर येथे इन्फ्लुएंझानेच अंथरुणाला खिळले होते.) तेथून ही लाट उत्तरेकडे, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे सरकत गेली. मद्रासमध्ये तिचा कळस ऑक्टोबरच्या मध्यावर झाला, तर कलकत्त्यात नोव्हेंबरमध्ये. पूर्वेकडे जाताना तिचा जोर कमी होत गेला, म्हणून बंगालच्या मानाने महाराष्ट्राची हानी कितीतरी अधिक झाली.

मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. नवरात्र सुरू होण्याचेच ते दिवस होते. या लाटेत ताप चढताच दोन-तीन दिवसांत फुप्फुसे सुजत, श्वास कोंडे, चेहरा काळानिळा पडे आणि नाकातून रक्त येई. एरवी इन्फ्लुएंझा म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना नेतो. या लाटेने वीस ते चाळीस वर्षांची कर्ती माणसे नेली. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या, हेही एक वैशिष्ट्य होते. घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी तीच आणि सर्वांत शेवटी उरलेसुरले खाणारीही तीच. गर्भवतींना तर या तापाचा धोका फारच मोठा होता. पुढच्या वर्षी जन्मांचे प्रमाण खाली आले, त्यामागचे एक कारण हेच होते.

रेल्वेने रोग पसरवला, हे सरकारच्या स्वच्छता आयुक्तांनीही मान्य केले. मुंबईहून सुटणारी गाडी काही तासांत लोणावळा, तळेगाव, चिंचवड करीत पुण्यास पोहोचत असे. पुणे आणि खडकी येथे लष्करी छावण्या होत्या. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून चालू होता आणि महायुद्धामुळे त्याला विसावा नव्हता. गिरणीतील मजूर ताप अंगात घेऊन गावाकडे निघत. या मार्गालगतच्या खेड्यांना त्यापासून अंतर राखण्याची काही सोय नव्हती.

त्यातच पावसाने पाठ फिरवली. १९१८चा नैर्ऋत्य मोसमी पाऊस १८७७ आणि १८९९ या कुप्रसिद्ध दुष्काळी वर्षांच्या पंक्तीत बसणारा ठरला. दख्खनमध्ये बाजरी करपली, कडबा मिळेना, विहिरी आटल्या. जे थोडे पीक उभे होते ते कापायला धडधाकट हात उरले नव्हते आणि रब्बीची पेरणीही नेमकी त्याच दिवसांत करायची होती. महायुद्धामुळे धान्य, बैल, रेल्वेचे डबे या सर्वांवर लष्कराचा पहिला हक्क होता. भाव वर्षभर चढतच होते आणि त्या वर्षाच्या आरंभीच मुंबईत धान्याच्या दुकानांची लुटालूट झाली होती. ताप, दुष्काळ आणि महागाई यांना वेगवेगळे मोजणे तेव्हाही कठीण होते आणि आजही कठीण आहे. उपाशी शरीरात तापाचा न्यूमोनिया होतो आणि तापाने आडवा झालेला शेतकरी पुढच्या वर्षी उपाशी राहतो.

मृत्यू सर्वांना समान नव्हता

साथ राजा-रंक पाहत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. मुंबईचे आकडे ते साफ खोटे ठरवतात. त्या वेळच्या सरकारी तक्त्यांत जातिधर्मांनुसार मृत्युप्रमाण दिलेले आहे. युरोपीयांमध्ये हे प्रमाण दर हजारी ८.३ होते, पारशांमध्ये ९, मुसलमानांमध्ये १९.२. ‘खालच्या जातीचे हिंदू’ अशा रकान्यात, म्हणजे मुख्यतः अस्पृश्य मानलेल्या समाजात, ते ६१.६ होते. गोऱ्या साहेबाच्या मानाने सातपटीहून अधिक! यात रक्ताचा काही गुण नव्हता. एका खोलीत आठ-दहा माणसे, सार्वजनिक नळावरचे पाणी, रोजंदारी बुडाली की चूल विझणे आणि शुश्रूषेला कोणी नसणे, एवढी कारणे पुरेशी होती. इन्फ्लुएंझावर औषध कोणाकडेच नव्हते. उबदार अंथरूण, पातळ अन्न, स्वच्छ हवा आणि जवळ बसणारे माणूस यांनी मात्र पुष्कळ जीव वाचत. साहेबाच्या बंगल्यात हे होते, चाळीत नव्हते.

औषध नव्हते याचे कारणही सांगितले पाहिजे. १८९२पासून वैद्यकशास्त्र एका जिवाणूला या रोगाचे कारण समजत होते. इन्फ्लुएंझा हा विषाणूचा रोग आहे, हे माणसांच्या बाबतीत सिद्ध व्हायला १९३३ साल उजाडावे लागले. त्यामुळे १९१८च्या लसी आणि मात्रा चुकीच्या शत्रूवर रोखलेल्या होत्या. याबाबतीत लंडन, न्यूयॉर्क व मुंबई सारख्याच असहाय होत्या.

प्लेगची आठवण

आकुर्डीला लागून असलेले चिंचवड हे चापेकर बंधूंचे गाव. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा त्याच वर्षी केलेल्या साथरोग कायद्याच्या आधारे सरकारने प्लेग समिती नेमली आणि वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले. देवघर-स्वयंपाकघर न पाहता झडत्या झाल्या, संशयितांना छावण्यांत नेले गेले, सामान जाळले गेले. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या. लेफ्टनंट आयर्स्टही त्यात मारला गेला. दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे चापेकर बंधू आणि महादेव रानडे फासावर गेले. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला.

एकवीस वर्षांनी त्याच जिल्ह्यात त्याहून भीषण साथ आली आणि सरकार कोठे दिसलेच नाही. १९१८च्या साथीचा साम्राज्याशी असलेला संबंध समजून घ्यायचा तर ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवावी लागतात. १८९७मध्ये लोकांचा रोष सरकार उंबरठा ओलांडून आत आले म्हणून होता. १९१८मध्ये ते फिरकलेच नाही म्हणून होता. सक्तीची झडती नाही, विलगीकरणाच्या छावण्या नाहीत, पण दवाखानाही नाही, दूधही नाही, धान्यही नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टरांचा मोठा भाग महायुद्धाच्या आघाड्यांवर गुंतलेला होता. अधिकारीवर्ग थंड हवेच्या ठिकाणी बसून आहे आणि रयत वाऱ्यावर सोडली आहे, अशी टीका देशी वृत्तपत्रांनी उघडपणे केली.

सरकारच्या बाजूने थोडे बोलणे न्यायाचे होईल. सक्तीचे उपाय टाळण्यामागे प्लेगच्या काळातील अनुभवाचा धडा होता आणि इतक्या झपाट्याने पसरणाऱ्या रोगापुढे विलगीकरण बहुतेक निरुपयोगीच ठरले असते. डॉक्टर असते तरी त्यांच्या पेटीत रामबाण औषध नव्हते. परंतु धान्याचे तसे नव्हते. कोणते धान्य कोठे जाईल, कोणता डबा कोणासाठी राखून ठेवायचा आणि युद्धखर्चाचा बोजा कोणावर टाकायचा, हे निर्णय साम्राज्याच्या हाती होते. त्या निर्णयांत दख्खनच्या खेड्याचा क्रमांक फार खाली लागत होता.

ही पोकळी लोकांनीच भरून काढली. मुंबईत १९११ साली स्थापन झालेली सोशल सर्व्हिस लीग, निरनिराळ्या ज्ञातिसंस्था, विद्यार्थी, वकील आणि खासगी डॉक्टर औषधे, दूध व कपडे घेऊन चाळींत शिरले. लीगचे ना. म. जोशी हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य. गुजरातेतही तरुण कार्यकर्त्यांनी खेडोपाडी फिरून अशीच कामे केली. सुशिक्षित आणि सुस्थितीतील वर्ग आपल्या गरीब देशबांधवांच्या मदतीला एवढ्या मोठ्या संख्येने पूर्वी कधी धावला नव्हता, असे खुद्द सरकारच्या स्वच्छता आयुक्तांच्या अहवालात नमूद आहे. प्रशस्तिपत्र म्हणून लिहिलेले ते वाक्य आज कबुलीजबाब म्हणून वाचता येते. राज्यकर्त्यांचे काम दुसरे कोणी तरी करीत आहे, हे त्यांनाच दिसले होते.

गांधीजींच्या बाबतीत एक दुरुस्ती येथे आवश्यक आहे. १९१८ साली त्यांना इन्फ्लुएंझा झाला होता, असे सर्रास लिहिले जाते. त्यांच्या आत्मकथेवरून तो आजार आमांशाचा होता. घराला मात्र साथीचा घाव बसला होता. थोरले चिरंजीव हरिलाल यांची पत्नी गुलाब आणि त्यांचा एक लहान मुलगा याच साथीत गेले. हिंदीतील कवी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांनी पत्नीसह घरातील अनेक माणसे या एका साथीत गमावली.

जिंकलेले, तरी खचलेले

१९१८च्या त्याच शरद ऋतूत ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मनी आणि ऑटोमन ही साम्राज्ये कोसळली. ब्रिटिश साम्राज्य मात्र ११ नोव्हेंबरच्या युद्धविरामानंतर नकाशावर पूर्वीपेक्षाही मोठे झाले. त्याची उतरण क्षेत्रफळात दिसणारी नव्हती. ती दिसली पुढच्या काही महिन्यांत. जानेवारी १९१९मध्ये मुंबईतील एक लाखाहून अधिक गिरणी कामगार महागाईच्या मुद्द्यावर संपावर गेले. मार्चमध्ये रौलट कायदा झाला, ६ एप्रिलला देशभर हरताळ झाला आणि १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली. दहा लाखांहून अधिक सैनिक साम्राज्याला पुरवणाऱ्या देशाला युद्धाअंती ताप, दुष्काळ आणि दडपशाहीचा कायदा मिळाला, अशी भावना सर्वत्र होती.

साथीमुळे स्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. होमरूल लीग, चंपारण, खेडा हे सारे त्याआधीचे आहे. परंतु इंग्रजी राज्य परके असले तरी निदान व्यवस्थित आहे, रयतेचे आई-बाप आहे, ही जी समजूत मध्यमवर्गात शिल्लक होती तिला १९१८च्या हिवाळ्याने तडा दिला, हे मान्य करावे लागते. हा अनुभव केवळ हिंदुस्थानचा नव्हता. न्यूझीलंडच्या ताब्यातील पश्चिम सामोआ बेटांवर नोव्हेंबर १९१८मध्ये एका जहाजाला विलगीकरणाविना बंदरात येऊ दिले गेले आणि लोकसंख्येचा पाचवा हिस्सा मेला. तेथील स्वराज्याच्या चळवळीत ही आठवण दीर्घकाळ धगधगत राहिली.

साम्राज्याचे उत्तर कायद्याच्या रूपाने आले. १९१९च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली. पोलीस, महसूल आणि अर्थ ही खाती गव्हर्नरच्या हाती राखीव राहिली. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय खाते ‘सोपीव’ विषय म्हणून लोकनियुक्त हिंदी मंत्र्यांकडे गेले. म्हणजे यापुढे साथ आली तर जाब हिंदी मंत्र्याने द्यायचा आणि तिजोरीची किल्ली मात्र साहेबाकडे! सुधारणांच्या इतिहासात या वाटणीची चर्चा घटनात्मक प्रश्न म्हणून होते. तिच्यामागे दीड-दोन कोटी मृत्यूंची पार्श्वभूमी होती, हे क्वचितच सांगितले जाते.

‘ताप’ या रकान्यात

किती माणसे मेली? सरकारचा पहिला अंदाज ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ५० लाख आणि संस्थाने धरून ६० लाख असा होता. लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ साली तो आकडा १ कोटी ८५ लाख ते २ कोटींपर्यंत नेला. १९८०च्या दशकात आय. डी. मिल्स यांनी १ कोटी ७० ते ८० लाखांचा अंदाज दिला आणि एकट्या मुंबई इलाख्यातील मृत्यू १० लाखांवर असल्याचे दाखवले. २०१२ साली सिद्धार्थ चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश प्रांतांसाठी सुमारे १ कोटी ३९ लाख हा आकडा काढला. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंदाजांत एक कोटीहून अधिक माणसांचा फरक आहे. एवढी माणसे मोजणीतून निसटू शकतात, ही बाब राज्यकारभाराविषयी पुष्कळ काही सांगते.

याचे मूळ गावच्या दप्तरात आहे. खेड्यातील मृत्यूची नोंद गावकामगारांकडे असे. कारणाच्या जागी प्लेग, पटकी, देवी, आमांश आणि ‘ताप’ असे मोजके रकाने होते. मानमोडीने गेलेली बहुतेक माणसे ‘ताप’ या रकान्यात गेली. अनेक ठिकाणी नोंद ठेवणाराच अंथरुणावर होता किंवा दगावला होता. त्यामुळे आकुर्डीसारख्या एका खेड्याचा १९१८चा हिशेब मांडायचा तर एरवीच्या वर्षांतील तापाचे मृत्यू आणि त्या वर्षाचे मृत्यू यांची वजाबाकी करणे एवढाच मार्ग उरतो.

मार्च १९२१च्या जनगणनेने ही वजाबाकी साऱ्या देशासाठी केली. आजच्या भारताच्या सीमांत १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या घटली. जनगणनेच्या इतिहासात असे हे एकमेव दशक असून, १९२१ला ‘महाविभाजक वर्ष’ म्हणतात. आजच्या महाराष्ट्राच्या सीमांत १९११ साली सुमारे २ कोटी १५ लाख लोक होते. १९२१ साली ते सुमारे २ कोटी ८ लाख भरले. देशाची एकूण घट ०.३१ टक्के होती, तर महाराष्ट्राची जवळजवळ ३ टक्के.

या मृत्यूंचा उपयोग पुढे अर्थशास्त्रज्ञांनीही केला. हिंदुस्थानच्या शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे आहेत, ती कमी झाली तरी उत्पादन घटणार नाही, असे एक मत प्रचलित होते. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली दाखवले की, साथीने शेतीतील मनुष्यबळ सुमारे ८ टक्क्यांनी घटले तेव्हा पेरणीचे क्षेत्रही जवळपास ४ टक्क्यांनी घटले, म्हणजे जास्तीची माणसे नव्हतीच. अमर्त्य सेन यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या शेतकऱ्यांच्या मृत्यूवर हा वाद झाला, त्यांच्यासाठी मात्र कोठे साधा स्मृतिस्तंभही सहसा आढळत नाही.

१९१८मधील बहुतांश मृत्यू विषाणूनंतर फुप्फुसांत शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले, असे आता मानले जाते. त्या न्यूमोनियावर पेनिसिलिन चालले असते. स्वतंत्र भारताने पेनिसिलिनचा आपला पहिला सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारला, तो आकुर्डीपासून काही किलोमीटरवर पिंपरी येथे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली आणि १९५५मध्ये उत्पादन सुरू झाले. भोवती उद्योगनगरी वाढली. १९७० साली आकुर्डी, चिंचवड, पिंपरी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. मार्च २०२०मध्ये कोरोनाच्या साथीत आकुर्डीपासून चाकणपर्यंतची यंत्रे थांबली. तेव्हा राज्य सरकारने लागू केला तो रँडच्या काळातला, १८९७ सालचाच साथरोग कायदा.